धुराच्या नळीवरील झिलई



मोटारीच्या सायलेन्सरवर चढविण्याचा सिरॅमिकचा लेप हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो एखाद्या कारागिरानें बोलावा, शाळामास्तरानें नव्हे, असें कोणी म्हटल्यास मी त्यास चूक म्हणणार नाहीं. परंतु आमच्या आलापल्लीस आगगाडी येत नाहीं. आष्टीकडून चंद्रपूरला, दक्षिणेस सिरोंचाला, आणि जंगलांतून एटापल्ली व भामरागडला असे रस्ते येथून फुटतात, आणि आजारी माणसापासून मिठाच्या पोत्यापर्यंत सर्व कांहीं त्या रस्त्यांवरून चाकांवर जातें. अशा ठिकाणीं गाडीची एक नळी गंजून गळाली, तर ती केवळ गाडीवाल्याचीच अडचण राहत नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी काळीपिवळी गाडी चालवितो. त्यानें दोन वर्षांपूर्वीं शहरांतून सायलेन्सरची नवी नळी आणली. तिच्यावर 'सिरॅमिक' असें छापलें होतें, आणि किंमत साध्या नळीच्या जवळजवळ दुप्पट होती. एक पावसाळा संपतो न संपतो तों त्या नळीची रुपेरी कांति पापुद्य्रांसारखी सुटूं लागली व खालून तांबूस गंज दिसूं लागला. तो मजकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, हें सिरॅमिक म्हणजे नक्की काय असतें? मी फसलों, कीं माझेंच कांहीं चुकलें?" त्याच्या या दोन प्रश्नांचीं उत्तरें शोधतांना मला जें समजलें, तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

सिरॅमिक हा शब्द नवा वाटला तरी वस्तु आपल्या घरांतलीच आहे. लोणच्याची बरणी आठवा. तिचें अंग मातीचें, पण वर कांचेसारखी गुळगुळीत झिलई असते, म्हणून मिठाचें व आंबटाचें तिला कांहीं होत नाहीं. आमच्याच भागांत, भद्रावतीच्या ग्रामोदय संघानें असल्या भांड्यांच्या कामांत नांव मिळविलें. वाळू, कांहीं दगडांची पूड आणि धातूंची भस्में यांचें मिश्रण भट्टींत वितळलें म्हणजे तें मातीवर कांच होऊन बसतें. हीच युक्ति लोखंडावर केली कीं एनॅमल होतें. निळ्या कांठाच्या पांढऱ्या थाळ्या आपल्यापैकीं वडील मंडळींनीं वापरल्या असतीलच. त्या थाळीचा टवका उडाला कीं तेवढ्याच जागीं गंज धरतो, हेंहि त्यांनीं पाहिलें असेल. आजच्या साऱ्या विषयाचें सार त्या टवक्यांत आहे.

मोटारीच्या नळीवर ही झिलई चढविण्याची कल्पनाहि कालची नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत निकेल व क्रोमियम या धातूंची टंचाई पडली. तेव्हां वॉशिंग्टन येथील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेच्या संशोधकांनीं साध्या पोलादाच्या धूरनळ्यांना भारी पोलादाचें काम करतां यावें म्हणून सिरॅमिकचे लेप तयार केले. त्या कामाची हकीकत १९४७ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें १९६१ सालीं इंग्लंडांत जग्वार कंपनीची ई-टाइप ही मोटार निघाली, तिच्या इंजिनाला लागून असलेल्या बिडाच्या नळ्यांवर काळें एनॅमल भाजलेलें असे. म्हणजे बरणीची झिलई फार पूर्वींच मोटारीखालीं जाऊन बसली होती.

आतां ती तेथें करते काय, हें पाहूं. आपण गाडींत जें इंधन घालतों, त्यांतील सुमारें एक-तृतीयांश उष्णता काहींएक काम न करतां धुराबरोबर बाहेर जाते. इंजिनावर पुरता भार असतां पेट्रोल गाडीच्या पहिल्या नळींत, म्हणजे मॅनिफोल्डमध्यें, धुराचें तपमान ८०० अंशांच्या घरांत जातें. डिझेल गाडींत तें कांहींसें कमी असतें. ही उष्णता लोखंडांतून सहज बाहेर पडते. झिरकोनिया नांवाच्या सिरॅमिकमधून मात्र साध्या पोलादाच्या मानानें सुमारें पंचविसाव्या हिश्शाइतकीच उष्णता वाहते. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूंत झिरकॉन नांवाचें खनिज सांपडतें, त्यापासूनच हा पदार्थ काढतात. तेव्हां लेप दोन कामें करतो: उष्णतेला अडवितो, आणि हवापाण्याला लोखंडापर्यंत पोंचूं देत नाहीं. तो नळीला बळकटी देत नाहीं, आणि रोजच्या वापरांतील गाडीची शक्ति त्यानें जाणवण्याइतकी वाढत नाहीं. शर्यतीच्या मोटारींत थोड्याशा फरकासहि मोल असतें, म्हणून तेथें त्याची एवढी वाखाणणी होते.

सिरॅमिक या एकाच नांवाखालीं बाजारांत निदान तीन निरनिराळ्या वस्तु विकल्या जातात, आणि फसवणुकीचें बीज बहुधा येथेंच असतें.

पहिली वस्तु म्हणजे गाडीच्या रंगावर चोळण्याचा पातळ द्रव. गाडी धुण्याच्या दुकानांत ज्याला 'सिरॅमिक कोटिंग' म्हणतात तो हाच. तो रंगाची चकाकी राखण्यासाठीं आहे. सायलेन्सरशीं त्याचा संबंध नाहीं.

दुसरी वस्तु म्हणजे सिरॅमिकची बारीक पूड घातलेला, फवाऱ्यानें मारून भट्टींत भाजावयाचा लेप. याची जाडी २५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनहि कमी असते. गंजापासून रक्षण करण्याचें काम तो उत्तम करतो. उष्णता अडविण्याचें काम मात्र इतक्या पातळ थराकडून बेताचेंच होतें.

तिसरी वस्तु म्हणजे प्लाझ्मानें मारलेला झिरकोनिया. विजेच्या योगानें दहा हजार अंशांहून अधिक तापलेल्या वायूच्या झोतांत पूड वितळवून ती धातूवर फेंकतात. त्याच्या आधीं निकेलच्या मिश्रधातूचा एक थर देतात, आणि एकंदर जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत जाते. विमानांच्या इंजिनांतील पात्यांना वांचविण्यासाठीं हीच जातीची झिलई वापरतात. ती महाग असते आणि खरोखरच उष्णता अडविते. विकणारा जर दुसऱ्या वस्तूच्या किंमतींत तिसरीचे गुण सांगूं लागला, तर गिऱ्हाइकानें सावध व्हावें.

वस्तु खरी असली, तरी ती टिकेल कीं नाहीं हें ठरतें खालच्या धातूवर. कल्हईवाला काय करतो तें आपण पाहिलें आहे. तो भांडें आधीं घांसतो, तापवितो, नवसागर फिरवितो, आणि मगच कथील लावतो. चिकट भांड्यावर कल्हई बसत नाहीं. तसेंच येथें. नळींत मुरलेलें तेल आधीं भट्टींत जाळून टाकावें लागतें; मग कठीण खड्यांच्या बारीक पुडीचा जोरदार मारा करून पृष्ठभाग खरखरीत करावा लागतो; त्यानंतर हाताचें बोटहि लागूं न देतां लेप द्यावयाचा असतो. हें काम वेळखाऊ आणि न दिसणारें असल्यामुळें लबाडीस येथेंच वाव असतो. गंजावरच रुपेरी थर मारला, तर दुकानांत तो तितकाच सुंदर दिसतो.

दुसरी अडचण प्रसरणाची. एक मीटर लांबीची साध्या पोलादाची नळी ५०० अंशांनीं तापली, तर सुमारें ६ मिलिमीटर लांब होते. स्टेनलेस पोलादाची सुमारें ९ मिलिमीटर होते. सिरॅमिक इतकें वाढत नाहीं. लोखंड ताणलें जातें आणि झिलई मागें राहते. म्हणून खालचा थर, वरचा थर व धातु यांची जोडी जमवावी लागते. न जमल्यास केसाएवढ्या चिरा पडतात आणि त्यांतून पाणी शिरतें. आमच्या भागांत तर याहून कठीण परीक्षा होते. पावसाळ्यांत तापलेली गाडी नाल्यावरून वाहणाऱ्या पाण्यांत घालावी लागते. प्रभाकर कंदिलाच्या तापलेल्या कांचेवर पाण्याचा थेंब पडला कीं ती तडकत असे. येथें तर तापलेली नळीच पाण्यांत बुडते. शक्य असेल तेव्हां नाल्याअलीकडे इंजिन बंद करून थोडें थांबावें. तेवढ्या वेळांत पाण्याचा अंदाजहि नीट घेतां येतो, आणि तो नळीहून महत्त्वाचा आहे.

आतां एक गोष्ट अशी, कीं जी मलाहि ठाऊक नव्हती. आपण समजतों, सायलेन्सर बाहेरच्या पावसानें गंजतो. खरें पाहतां तो पुष्कळदां आंतून गंजतो. एक लिटर पेट्रोल जळलें कीं त्यापासून सुमारें एक लिटर पाणी तयार होतें. लांबच्या प्रवासांत त्याची वाफ होऊन तें निघून जातें; पण गांवांतल्या गांवांत दोन-तीन मैल फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर कधीं पुरता तापतच नाहीं, आणि तें पाणी धुरांतील आम्लें घेऊन आंतच सांचून राहतें. अशा गाडीला बाहेरून कितीहि उत्तम लेप दिला, तरी आंतला गंज थांबत नाहीं. तेव्हां लेप आंतून आहे कीं बाहेरून, हा प्रश्न पहिला विचारावा. बाहेरूनच दिलेल्या जाड लेपानें उष्णता धातूच्या आंत कोंडली जाते आणि धातु उलट अधिक तापतो. आंतून दिलेल्या लेपानें धातु थंड राहतो. कांहीं लोक नळीवर कांचतंतूची पट्टी गुंडाळतात. ती ओली झाली कीं ओल धरून ठेवते, आणि आमच्या पावसांत तिच्याखालीं नळी कुजावयास वेळ लागत नाहीं.

यापुढची गोष्ट पैशाची नसून जंगलाची आहे. सागवान पानें टाकूं लागलें, कीं माघ-फाल्गुनापासून रस्त्याच्या दोन्ही कडांना वाळलेल्या पानांचा थर सांचतो. त्यांतच गवत वाळतें. असा पाचोळा ३०० अंशांच्या आसपास तापलेल्या धातूस टेंकून राहिला, तर पेट घेऊं शकतो. पूर्वीं गाडीखालीं तापणारी वस्तु मुख्यतः नळी हीच होती. आतां तसें नाहीं. १९९५ च्या एप्रिलपासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई येथें नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पुढें तो सर्वत्र आला. त्याच्या आंतलें मधाच्या पोळ्यासारखें जाळें सिरॅमिकचेंच असतें, आणि तें तापल्यावांचून काम करीत नाहीं. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या डिझेल मोटारींत काजळी धरणारी गाळणी असते. ती भरली म्हणजे आंतली काजळी ५५० ते ६०० अंशांवर जाळली जाते. ही क्रिया चालूं असतां चालकानें गाडी पाचोळ्यावर उभी केली, तर काय होईल हें सांगावयास नको. नळीवर लेप दिला म्हणून गाडी थंड झाली, ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे. लेपानें नळीची आंच कांहीं कमी होते. कन्व्हर्टर व गाळणी यांची आंच त्यानें कमी होत नाहीं. उन्हाळ्यांत गाडी उघड्या मुरुमावर किंवा डांबरावर उभी करावी, आणि खालीं वांकून अडकलेलें गवत काढावें. आमच्या येथील जुन्या वनाचा सहा हेक्टरांचा तुकडा २०१४ सालीं जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला. तेथील एखादें सागाचें झाड वाढावयास जितक्या पिढ्या लागल्या, तितकीं मिनिटेंहि पाचोळा पेटावयास लागत नाहींत.

कायद्याविषयीं दोन शब्द. नळीवर लेप देणें हा गुन्हा नाहीं. परंतु लेप दिलेली बाहेरची नळी बसविण्याच्या निमित्तानें कन्व्हर्टर काढून टाकणें, किंवा फट्‌फट्‌ आवाज करणारा सायलेन्सर लावणें, हें धुराच्या व आवाजाच्या मर्यादेचें उल्लंघन होतें. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १९० अन्वयें, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. कायदा नसता तरी, आजाऱ्याच्या दारावरून असली गाडी नेणें शोभलें नसतें.

माझ्या विद्यार्थ्यास मीं शेवटीं काय सांगितलें, तें सांगून पुरें करतों. तो फसला, हें खरें. पण कांहींसें त्याच्या हातूनहि राहिलें. लेप कोणत्या जातीचा, आंतून कीं बाहेरून, खालचा धातु साफ कसा केला, भट्टींत भाजला कीं नाहीं, हे चार प्रश्न त्यानें विचारले नाहींत. त्यानें फक्त चकाकी पाहिली. पुढच्या वेळीं त्यानें ते विचारले. दुकानदाराला एकाचेंहि उत्तर देतां आलें नाहीं, तेव्हां त्यानें साधी, पण चांगल्या पोलादाची नळी घेतली आणि उरलेल्या पैशांत नवे टायर घातले. या पावसाळ्यांत भामरागडच्या वाटेवर त्या टायरांचा अधिक उपयोग झाला, असें तो सांगतो. ज्याला लांबचा प्रवास, जड भार व नेहमींचा चढ आहे, त्यानें खरा लेप अवश्य द्यावा. तो पैसे वसूल करून देईल. बाकीच्यांनीं बरणीवर टिचकी मारून पाहावी तशी मालाची परीक्षा करावी, आणि मगच खिशांत हात घालावा.