उभ्या गाडीला चढणारा ताप

हिंजवडीची वर्दळ मागे टाकून कासारसाईकडे जाणारा रस्ता पावसाळ्यातील सुट्टीच्या दिवशी धरण पाहायला निघालेल्या कुटुंबांच्या मोटारींनी भरून जातो. पुढे गाळपाचा हंगाम आला की कासारसाई-दारुंब्रे येथील श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या संथपणे सरकू लागतात. दोन्ही वेळी मोटार चालते कमी, उभी राहते अधिक. इंजिनला ताप चढण्याचे अनेक प्रसंग ओढवतात ते नेमके अशा उभ्या अवस्थेत.

कारण साधे आहे. वेगाने धावणाऱ्या मोटारीच्या रेडिएटरवर समोरचा वारा आदळत राहतो. मोटार थांबली की ते काम विजेच्या पंख्यालाच करावे लागते. कूलंटचे तापमान साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की सेन्सरच्या इशाऱ्यावर पंखा फिरू लागतो. म्हणून तापमानाचा काटा केवळ गर्दीत वर चढत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर खाली येत असेल, तर पहिला संशय पंख्यावर घ्यावा. द्रुतगती मार्गावरही तो वरच राहत असेल, तर कूलंटची गळती, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप किंवा तुंबलेला रेडिएटर यांकडे वळावे. आणखी एक खूण अशी की, सिग्नलला थांबताच एसीची हवा कोमट होते आणि गाडी निघाली की पुन्हा गार होते.

पंख्याची परीक्षा एसीच्या बटणानेच सुरू करता येते. बहुतेक मोटारींत एसी लावताच पंखा फिरतो. तो फिरला तर मोटर धडधाकट आहे. दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये शोधावा. फिरला नाही तर आधी फ्यूज पाहावा. त्यानंतर त्याच पेटीतील तशाच क्रमांकाचा दुसरा रिले तेथे बसवून पाहावा. एवढ्याने उलगडा झाला नाही, तर मिस्त्रीकडून पंख्याच्या जोडणीवर १२ व्होल्ट पोहोचतात का, हे तपासून घ्यावे. वीज पोहोचते आणि पंखा हलत नाही, म्हणजे मोटर गेली. बहुधा आतील कार्बन झिजलेले असतात. जळालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार किंवा अधिक क्षमतेचा फ्यूज बसवण्याचा ‘जुगाड’ मात्र कोणी सुचवला तरी नाकारावा. वायरिंग पेटण्याचा तो राजमार्ग आहे.

वाटेत काटा लाल रेषेकडे सरकू लागलाच, तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण सोडावा आणि मोटार बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ या विचारात सिलिंडर हेड वाकते आणि काही हजारांचे काम लाखाच्या घरात जाऊ शकते. मालाच्या फेऱ्या बंद पडतात त्या वेगळ्याच. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण सैल होताच ते वाफेसह अंगावर उसळते. शिवाय इंजिन बंद असतानाही काही मोटारींचा पंखा अचानक फिरतो, तेव्हा हात दूरच असावेत.

येथे जयणेचा प्रश्नही उभा राहतो, आणि गॅरेजमध्ये त्याचा क्वचितच विचार होतो. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. जमिनीवर सांडलेले थारोळे कुत्री-मांजरे चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. धरणाच्या काठी मोटार थांबवून जुने कूलंट तेथेच सोडून देणे म्हणजे पाणवठ्यावर येणाऱ्या मुक्या जीवांपुढे विष ठेवणे होय. ते पसरट भांड्यात काढावे, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे आणि योग्य विल्हेवाट लावणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे. सांडलेच तर त्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून तो भरून न्यावा.

थंडीच्या रात्री उबेसाठी मांजरे बॉनेटखाली शिरून पट्ट्यांच्या आणि पंख्याच्या जवळ निजतात. दुकानाच्या वखारीशी मोटार उभी करणाऱ्यांनी सकाळी किल्ली फिरवण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात आणि क्षणभर थांबावे. आत कोणी असेल तर तेवढ्या वेळात बाहेर पडते.