घरातली भाषा

एखाद्या देशात किती माणसे राहतात, हे जनगणनेवरून कळते. ऑस्ट्रेलियाच्या जनगणनेत आणखी एक प्रश्न विचारतात : 'तुम्ही घरी कोणती भाषा बोलता?' या साध्या प्रश्नाच्या उत्तरांत त्या देशाचा इतिहास दडलेला आहे.

१७८८ साली इंग्रजांनी सिडनी येथे वसाहत केली. त्यापूर्वी या खंडात मूळ रहिवाशांच्या अडीचशेहून अधिक भाषा नांदत होत्या. पुढे इंग्रजीने सर्वत्र जम बसवला. १९०१ मध्ये तर परक्यांना रोखण्यासाठी भाषेचाच अडसर घालण्यात आला. नको असलेल्या माणसाला बंदरावर पन्नास शब्दांचा उतारा श्रुतलेखन म्हणून लिहायला लावत. तो कोणत्या युरोपीय भाषेत सांगायचा, हे अधिकारी ठरवी. मग तो माणूस कितीही शिकलेला असो, नापास होणारच! ही परीक्षा १९५८ मध्ये बंद झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या देशाला काम करणारे हात हवे होते. इटली आणि ग्रीस येथून हजारो कुटुंबे आली. १९७३ मध्ये वर्णभेदाचे धोरण पूर्णपणे संपले आणि आशियातील लोकांना दार उघडले. १९७५ नंतर व्हिएतनामचे निर्वासित आले. पुढे चीन आणि भारत येथूनही लोक येऊ लागले.

आता आकडे पाहा. २००१ मध्ये सुमारे साडेतीन लाख लोक घरी इटालियन बोलत. २०२१ मध्ये ते सुमारे २ लाख २८ हजार उरले. याच काळात चीनची मँडरिन बोलणारे सुमारे १ लाख ३९ हजारांवरून ६ लाख ८५ हजारांवर गेले. आपली पंजाबी २०११ मध्ये सुमारे ७१ हजार लोक बोलत होते. दहा वर्षांनी ते २ लाख ३९ हजार झाले.

मग इटालियन माणसे गेली कोठे? ती तेथेच आहेत. इटलीहून आलेली पहिली पिढी म्हातारी झाली. तिच्या मुलांना घरातले बोलणे समजे. पण शाळेची सवय लागल्याने ती उत्तर इंग्रजीत देत. नातवंडे आजीला 'नोन्ना' म्हणतात. त्यापुढचे बोलणे इंग्रजीत! विहिरीत नवे झरे येईनासे झाले, की पाणी आटते. तसेच हे झाले. पंजाबीला आणि मराठीला आज नव्या माणसांचे झरे आहेत. ते थांबले, तर त्यांचीही हीच गत होईल.

यात बिघडले काय, असे तुम्ही विचाराल. उतारवयात स्मृती क्षीण झाली, की कित्येकांना मोठेपणी शिकलेली भाषा आठवेनाशी होते; बालपणीची तेवढी उरते. अशी आजी तहान लागली म्हणून पाणी मागते आणि शेजारी बसलेल्या नातवाला ते कळत नाही.

सिडनी व मेलबर्न येथे १९७५ पासून रेडिओवर अनेक भाषांतून कार्यक्रम होऊ लागले. सुटीच्या दिवशी भाषेचे वर्गही भरतात. त्यांचा उपयोग होतोच. परंतु आठवड्यातल्या दोन तासांनी भाषा जगत नाही. ती जगते जेवताना, भांडताना, गोष्ट सांगताना.

तुमच्या वर्गातही कोणाच्या घरी गोंडी, कोरकू, अहिराणी, उर्दू किंवा तेलुगू बोलत असतील. तुमची आजी ज्या भाषेत हाक मारते, त्या भाषेत तुम्ही तिला उत्तर देता का?