मोटारगाडींतील विजेची बैठक कां रुसते?

माझ्या एका स्नेह्यांच्या मोटारगाडींतील चालकाची विजेची बैठक गेल्या पावसाळ्यांत एकाएकीं रुसली. स्नेही सहा फूट उंचीचे. बैठक पार मागें सरकविलेली असतांनाच ती अडली. त्यांच्या पत्नी ठेंगण्या. त्यांचा पाय ब्रेकपर्यंत पोंचेना. पाठीशीं उशी घेऊन गाडी हांकण्याचा बेत त्यांनीं बोलून दाखविला, तेव्हां मी घाबरलों. कारण उशी घसरली तर ऐन वेळीं ब्रेक हुकावयाचा. गाडी दुरुस्तीला गेली. परीक्षणयंत्रानें 'यू ०२०८' असा दोषांक दाखविला. 'बैठकीच्या नियंत्रकाशीं संपर्क तुटला' असा त्याचा अर्थ. लगेच नवा नियंत्रक बसविण्यांत आला, पैसे मोजले गेले. बैठक मात्र जागची हालली नाहीं.

श्रोतेहो, चूक कोठें झाली? मीं जन्मभर वर्गांत हजेरी घेतली. नांव पुकारल्यावर 'हजर' असें उत्तर आलें नाहीं, तर उत्तर ऐकूं आलें नाहीं एवढेंच कळतें. मुलगा घरीं असेल, त्याचा घसा बसला असेल, किंवा वर्गांत गोंगाट असेल. 'यू' अक्षरानें आरंभ होणाऱ्या दोषांकांचें असेंच आहे. तो बहुधा बैठकीनें दिलेला नसतो; तिच्या संदेशाची वाट पाहणाऱ्या दुसऱ्या नियंत्रकांनीं केलेली ती तक्रार असते.

हे नियंत्रक एकमेकांशीं बोलतात तरी कसे? पूर्वीं प्रत्येक कळीपासून प्रत्येक यंत्रापर्यंत निराळी तार जात असे. उपकरणें वाढलीं, तसा तारांचा गुंताहि वाढला. तेव्हां जर्मनींतील बॉश कंपनीनें १९८३ सालीं 'कॅन' पद्धतीचें काम हातीं घेतलें आणि १९८६ सालीं ती डेट्रॉइट येथें जाहीर केली. तींत अनेक नियंत्रक पीळ दिलेल्या दोन तारांच्या एकाच जोडीवर आळीपाळीनें बोलतात. द्रुतगति पद्धतींत शांततेच्या वेळीं दोन्ही तारांवर सुमारें २.५ व्होल्ट दाब असतो. संदेश जातांना एकीवरील दाब ३.५ पर्यंत चढतो, दुसरीवरील १.५ पर्यंत उतरतो. ऐकणारा त्यांतील अंतर तेवढें वाचतो. म्हणून बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच झाला तरी संदेश बिघडत नाहीं.

आतां परीक्षेचा क्रम पाहूं. प्रथम इतर नियंत्रक हजेरी देतात कीं नाहीं तें पाहावें. सगळेच मुके असतील तर दोष मुख्य तारांत असण्याचा संभव अधिक. एकटी बैठकच मुकी असेल तर तिच्याकडे वळावें. तेथेंहि आधीं फ्यूज, मग वीज आणि मग अर्थ तपासावा. ही तपासणी भार असतांना करावी. गंजलेला जोड रिकाम्या मोजणींत चांगला दिसतो आणि भार पडतांच दगा देतो.

नंतर संदेशाच्या तारा. द्रुतगति पद्धतींत जोडीच्या दोन टोकांना प्रत्येकीं १२० ओहमांचा रोध असतो. बॅटरी सोडवून दोन तारांमध्यें मोजलें तर ६० ओहम यावे. १२० आले तर एका टोकाचा संबंध तुटला आहे. शून्याजवळ आले तर तारा एकमेकींस चिकटल्या आहेत. परंतु येथें एक फसवणूक आहे. बैठक पुष्कळदां मुख्य जोडीच्या फांदीवर असते. फांदी तुटली तरी मुख्य जोडीवर ६० च येतात! म्हणून मोजणी बैठकीखालच्या जोडाशींहि करावी. तेथें ६० आले तरच फांदी शाबूत समजावी. कित्येक गाड्यांत बैठकीसाठीं 'लिन' नांवाची एकेरी तार असते. तिला हा नियम लागू नाहीं. शांततेच्या वेळीं तिच्यावर जवळजवळ बॅटरीइतका दाब दिसतो.

बैठकीखालीं हात घालण्यापूर्वीं एक सावधगिरी अवश्य बाळगावी. तेथें बहुधा पिवळ्या रंगाचा एक जोड असतो, तो एअरबॅगचा. बॅटरी सोडवून, गाडीच्या पुस्तकांत सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय त्याला स्पर्श करूं नये.

बैठक मागेंपुढें सरकते, तशा तिच्या ताराहि घासतात. ओल्या जोडयांचें पाणी गालिच्याखालीं मुरतें. स्नेह्यांच्या गाडीचा दोष अखेर तेथेंच सांपडला. अर्थाच्या तारेचा स्क्रू गंजला होता, म्हणून जुना नियंत्रक मुका झाला आणि नवाहि मुकाच राहिला. एका जाणत्या कारागिरानें तो गंज खरडला, स्क्रू आवळला, आणि बैठक मुकाट्यानें पुढें आली. स्नेह्यांच्या पत्नींचा पाय आतां ब्रेकवर नीट पडतो.

तात्पर्य, दोषांक कोणाचा शब्द ऐकूं आला नाहीं तें सांगतो; तो कां ऐकूं आला नाहीं, तें आपणच शोधावयाचें असतें. कारागीर नवा नियंत्रक सुचवील, तेव्हां त्यास नम्रपणें एवढेंच विचारावें: "वीज, अर्थ आणि तारा मोजल्या काय?"