गाठीत शिरायचं कुठून?

कर्करोगावरच्या इम्युनोथेरपीची चर्चा बहुतेक वेळा प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींभोवती फिरते. या पेशींवरचा ‘ब्रेक’ सोडवण्याच्या शोधाला २०१८चं नोबेल मिळालं, हे योग्यच झालं. पण त्याआधीचा एक साधा प्रश्न मागे पडतो: ही पेशी गाठीत शिरते कुठून? ती रक्तातून येते, म्हणजे वाट रक्तवाहिनीचीच. आणि गाठीतली ही वाट मुळातच बिघडलेली असते. माझ्या मते, अनेकदा औषध हरतं ते पेशी दुबळी असते म्हणून नव्हे, ती पोचतच नाही म्हणून.

निरोगी शरीरात जिथे सूज येते तिथे वाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाचे रेणू उगवतात. वाहत जाणारी टी-पेशी त्यांना अडखळते, घरंगळते, मग आयकॅम-१ आणि व्हीकॅम-१ या रेणूंना घट्ट चिकटते, चपटी होते आणि अस्तरातल्या फटीतून अंग चोरून पलीकडे जाते. गाठीत हा क्रम मोडतो. गाठ व्हीईजीएफ हे प्रथिन भरमसाट सोडते. त्याच्या रेट्याने घाईघाईत फुटलेल्या वाहिन्या वाकड्यातिकड्या आणि गळक्या निघतात. गळकी वाहिनी म्हणजे शिरकाव सोपा, असं कुणालाही वाटेल. होतं उलट. पाझरलेल्या द्रवाने आजूबाजूचा दाब चढतो, रक्त रेंगाळतं. शिवाय टी-पेशी काही पाण्यासारखी झिरपत नाही. तिला पकड लागते, आणि व्हीईजीएफ नेमकी तीच काढून घेतं. काही गाठींच्या अस्तरावर तर फॅस-लिगंड हा रेणू असतो. तो मारक टी-पेशींना उंबरठ्यावरच संपवतो.

जुडा फोकमन यांनी १९७१मध्ये मांडलं, की नव्या वाहिन्या रोखल्या तर गाठ उपाशी मरेल. त्याच विचारातून आलेल्या, व्हीईजीएफ रोखणाऱ्या बेव्हॅसिझुमॅबला अमेरिकेत २००४मध्ये परवानगी मिळाली. मग वाटच तोडणारं औषध पेशींना आत कसं नेणार? हार्वर्डमधले राकेश जैन यांनी २००१मध्ये याचं उत्तर सुचवलं: बेताने दिलं तर हे औषध वाहिन्या तोडण्याआधी काही काळ त्या दुरुस्त करतं. उंदरांवरच्या प्रयोगांत कमी मात्रेने वाहिन्या सावरल्या आणि टी-पेशी आत शिरल्या. जास्त मात्रेने तसं झालं नाही.

माणसांतला पुरावा यकृताच्या कर्करोगातून आला. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टी-पेशींवरचा ‘ब्रेक’ सोडवणारं अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब एकत्र घेणाऱ्यांपैकी ६७ टक्के रुग्ण वर्षानंतर हयात होते. तेव्हाचं नेहमीचं औषध सोराफेनिब घेणाऱ्यांपैकी सुमारे ५५ टक्के. यावर खरा आक्षेप असा, की इथे बेव्हॅसिझुमॅबची मात्रा कमी नव्हती, दर तीन आठवड्यांनी वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम होती. शिवाय व्हीईजीएफ प्रतिकार-पेशींनाही थेट दडपतं, तेव्हा फायदा तिथूनही आला असेल. आक्षेप मला मान्य आहे; ही चाचणी एकटी वाटेची बाजू सिद्ध करत नाही. पण वाटेच्या बाजूने आणखी एक पुरावा आहे. लसिकाग्रंथींत लिम्फोसाइट (टी-पेशी यांतल्याच) आत घेणाऱ्या, उंच अस्तराच्या खास शिरा असतात. तशाच शिरा काही स्तनकर्करोगांत आपोआप तयार होतात, आणि जिथे त्या दाट असतात तिथे गाठीत टी-पेशीही जास्त सापडतात. तिथे तर कुणी औषध दिलेलंच नसतं.