तेलावर उभी लिफ्ट

‘हिला वर दोरच नाहीत. तेल गळलं तर थेट खाली!’ बंगल्यात किंवा दुमजली दवाखान्यात हायड्रॉलिक लिफ्ट बसवायची म्हटलं की कुणीतरी हे हमखास म्हणतं. भीती साहजिक आहे, पण आत काय चालतं ते पाहिलं की फारशी उरत नाही.

मोटरवर पंप चालतो, तो टाकीतलं तेल सिलिंडरमध्ये ढकलतो आणि पोलादी पिस्टन केबिनला वर उचलतो. दहा सेंटिमीटर व्यासाच्या पिस्टनवर माणसांसकट 1,500 किलो वजन आलं, तर तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 19 किलो होतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या आठ-नऊ पट! जाड पोलादी सिलिंडरला तो सहज पेलतो.

उतरताना पंप बंदच असतो. व्हॉल्व्ह उघडतो, केबिनच्याच वजनानं तेल टाकीत परतत राहतं. म्हणून वीज गेली की माणसं तासन् तास अडकतात, हेही खरं नाही; व्हॉल्व्ह उघडण्यापुरती बॅटरी असली की केबिन सावकाश खालच्या मजल्यावर येते. शिवाय मशीनजवळ हातानं उघडायचा व्हॉल्व्ह असतो.

आणि पाइप फुटला तर? त्यासाठी सिलिंडरच्या तोंडाशीच वेगळा व्हॉल्व्ह बसवतात. तेल ठरल्यापेक्षा जोरात धावू लागलं की तो आपोआप मिटतो आणि केबिन जागीच थांबते.

‘उतरताना पंप बंद, म्हणजे बिल कमी’ हे मात्र अर्धसत्य. दोराच्या लिफ्टमध्ये केबिनला तोलून धरणारं प्रतिवजन असतं; इथे बहुधा ते नसतं, त्यामुळे चढताना सगळं ओझं मोटरवर येतं. ती ऊर्जा उतरताना तेल तापवण्यात वाया जाते. दिवसभर वर्दळ असेल तर तेल तापून पातळ होतं आणि केबिन मजल्याशी नेमकी थांबेनाशी होते. अशा इमारतीला ही लिफ्ट मी सुचवणार नाही.

पाच-सहा मजल्यांपलीकडे ती सहसा लावत नाहीत. पण आयफेल टॉवरवर लेओं एदू या इंजिनिअरची, पाण्याच्या दाबावरची लिफ्ट 1889 पासून 1983 पर्यंत लोकांना दोन टप्प्यांत सुमारे 160 मीटर वर नेत होती. हिवाळ्यात पाणी गोठायचं, तेवढे दिवस ती बंद ठेवत.

खरी नजर ठेवायची ती हळूहळू होणाऱ्या गळतीवर. पिस्टनभोवतीचं सील झिजलं, किंवा जमिनीत पुरलेला जुना सिलिंडर गंजला, की उभी केबिन थोडी थोडी खाली बसते आणि यंत्रणा तिला पुन्हा मजल्याशी आणते. कुणी बटण दाबलेलं नसताना पंप वारंवार घरघरू लागला, तर टाकीतल्या तेलाची पातळी त्याच दिवशी तपासून घ्या.