काळ्या मातीतला टायगर

टाळेबंदीच्या वर्षी, म्हणजे 2020 साली, वालूरच्या आमच्या घरात रिमोटवर चालणारा टायगर रणगाडा आला. मूळ गाडा दुसऱ्या महायुद्धातला जर्मन, 57 टनांचा. ही त्याची सोळापट लहान प्रतिकृती, लांबीला अर्ध्या मीटरच्या आसपास. फरशीवर तो झकास पळायचा. अंगणाबाहेरची काळी माती लागली आणि त्याच्या खोड्या सुरू झाल्या.

पहिली खोडी पट्टा उतरण्याची. जागच्या जागी गर्रकन वळवला की हमखास उतरायचा. जो तो म्हणे, लोखंडी पट्टा घाल. घातला. त्याच्या वजनानं प्लास्टिकचं दातेरी चाक झिजलं, ते धातूचं घेतलं. मग गिअरबॉक्सही धातूचा घ्यावा लागला. खिसा हलका झाला, पट्टा उतरायचा तो उतरतच राहिला. दुखणं होतं सस्पेन्शनमध्ये. बॅटरीच्या भारानं मागच्या स्प्रिंगा बसल्या होत्या, ताण देणाऱ्या मागच्या चाकाचा आस हलत होता. चाकं एका ओळीत नसली की पट्ट्याच्या आतले दाते चाकावर चढतात आणि पट्टा बाहेर पडतो. मागे जरा कडक स्प्रिंगा आणि आसावर एक पातळ वॉशर, एवढ्यावर काम भागलं.

ब्रिटनच्या ‘लिटल विली’ या नमुना रणगाड्याची 1915 मध्ये हीच रड होती. खंदक ओलांडताना पट्टा खाली लोंबायचा आणि निसटायचा. अभियंता विल्यम ट्रिटन यांनी नवा पट्टा घडवला, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी रणगाडे युद्धात उतरले.

ताणाचं गणित हळूहळू बसलं. टायगरचा वरचा पट्टा मधल्या चाकांवर हलकेच टेकलेला असावा. एकतारीसारखा ताणला तर मोटर तापते आणि बॅटरी लवकर उतरते. दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसेल तर गाडा एकीकडे ओढतो.

पावसाळ्यानं मात्र खरी परीक्षा घेतली. टायगरची चाकं एकमेकांवर चढवलेली. त्यांच्या फटीत आमची चिकण माती बसली आणि वाळली की चाक फिरायचं नाव नाही. खऱ्या टायगरच्या चाकांत रशियात रात्री चिखल गोठायचा. तिथं थंडीनं केलं ते इथं ऊन करतं. म्हणून माती ओली असतानाच ब्रशनं धुवावी. पट्ट्याच्या पिनांना तेल लावू नये, धूळ धरते. पेन्सिलीच्या शिशाची पूड बरी.

गावच्या बारवेच्या पायऱ्यांवर चालवून दाखव, असा आग्रह अधूनमधून होतो. तिथं लोखंडी पट्टा नेणार नाही. जुना दगड आहे तो.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर नुसती तोफ बघून फिरू नका. खाली वाका आणि पट्ट्याला झोल किती ठेवलाय तो बघा.