वडीलधाऱ्यांचा जुगार आणि घराचें मौन

द्यूताचें नांव निघालें कीं आपणांस धर्मराज आठवतो. धृतराष्ट्र सहसा आठवत नाहीं. वस्तुतः त्या सभेस अनुमति देणारा तोच होता. द्रौपदी पणास लागली तेव्हां भीष्मद्रोणांस घाम फुटला, विदुर डोकें धरून बसला. हा वृद्ध राजा मात्र काय जिंकलें म्हणून पुनःपुन्हां विचारीत होता, आणि आपला हर्ष त्यास लपवितां येत नव्हता. जुगार हा तरुणांचा दोष, अशी आपली समजूत आहे. तो उतारवयांतही जडतो, आणि घरांतील आदराच्या आडोशानें सुखानें वाढतो, हें आज आम्हांस सांगावयाचें आहे.

नंदुरबारसारख्या गांवांतील एक घर डोळ्यांपुढें आणा. वडील सेवानिवृत्त शिक्षक. स्नानसंध्या, वर्तमानपत्र, सायंकाळीं फिरणें, असा नेमस्त क्रम. फिरून येण्यास हळूहळू उशीर होऊं लागतो. पंचांगाच्या पानांत आंकडे लिहिलेल्या चिठ्या सांपडतात. निवृत्तिवेतन आठवड्यांत संपतें. विचारलें तर 'माझ्या पैशाचा हिशेब मीं कोणास द्यावा?' असा प्रश्न येतो. मुलगा खालीं मान घालतो, सूनबाई गप्प राहतात. एके दिवशीं सासूबाईंच्या हातांतील पाटल्या दिसेनाशा होतात, तेव्हां सर्वांस सर्व कळतें. पण कळलें होतें तें पूर्वींच.

या आंकड्यांचें मूळ आपल्या खानदेशास अगदींच परकें नाहीं. शहादें-नंदुरबारच्या काळ्या जमिनींत जो कापूस पिकतो, त्याच कापसाच्या भावावर हा खेळ उभा राहिला. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारांतील उघडते व मिटते भाव तारेनें मुंबईस येत, आणि त्यांतील अंकांवर लोक पैजा मारीत. ते भाव येणें थांबल्यावर, 1962 च्या सुमारास वरळीस कल्याणजी भगत यांनीं व पुढें रतन खत्री यांनीं चिठ्या घालून अंक काढण्याची रीत चालविली. चिठ्या मडक्यांत घालीत म्हणून 'मटका' हें नांव पडलें. कापूस गेला, तार गेली. 'ओपन' व 'क्लोज' हे शब्द तेवढे राहिले.

याचें गणित चौथीच्या मुलासही सुटेल. शून्यापासून नऊपर्यंत दहा अंक. बरोबर अंकास रुपयाला नऊ रुपये, हा रूढ भाव. दहाही अंकांवर एकेक रुपया लावला तर दहा जातात आणि नऊ येतात. जोडीस नव्वद मिळतात, पण जोड्या शंभर आहेत. म्हणजे शेंकडा दहा रुपये चालविणाऱ्याच्या पेटींत पडणारच. आयुष्यभर मुलांस त्रैराशिक शिकविणाऱ्यास हें कळत नाहीं काय? कळतें, पण 'उद्यां माझा दिवस आहे' हें त्याहून गोड वाटतें.

सरकारनें कायदे केले नाहींत असें नाहीं. जुगारप्रतिबंधाचा मुंबईचा कायदा 1887 चा आहे. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनें 2025 सालीं बंदी घातली. परंतु नवापूरचें रेल्वेस्थानक पहा: महाराष्ट्र व गुजराथ यांची सीमा त्याच्या मधून जाते, आणि एका बांकावर दोन्ही राज्यें शेजारीं बसतात. महाराष्ट्रानें 1969 सालीं स्वतःची लॉटरी काढली. गुजराथेंत लॉटरीस बंदी आहे. कायदा असा बांकाच्या मध्यावर थांबतो. हांव थांबत नाहीं.

वृद्धांस हें व्यसन कां लागावें? कचेरी सुटली, मान ओसरला, दिवस मोठा झाला. आणि त्याच वेळीं भविष्यनिर्वाहनिधीची रक्कम एकदम हातीं आली. चिठ्ठी लावली कीं सायंकाळची वाट पाहण्यास कांहीं कारण मिळतें. पण तरुण बुडाला तर पुन्हां कमवूं शकतो. साठीनंतर गेलेलें परत येण्यास आयुष्यच उरत नाहीं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. पार्किन्सन नांवाच्या कंपवातावर प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल अशीं औषधें देतात. त्यांच्यामुळें कांहीं रोग्यांस, पूर्वीं पत्त्यास हातही न लावलेल्यांस, जुगाराची अनावर ओढ लागते. अशा घरीं दोष देण्यापूर्वीं डॉक्टरांस सांगावें. औषध मात्र आपल्या मनानें बंद करूं नये. इतरांच्या बाबतींतही हा केवळ दुर्गुण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या, 2022 पासून लागू झालेल्या रोगसूचींत जुगाराच्या विकारास व्यसनांच्या वर्गांत स्थान आहे, आणि त्यावर उपचार होतात. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठीं घरांत लिहून ठेवावा.

घरच्यांनीं काय करावें? नातवंडांदेखत पाणउतारा करूं नये. लज्जित माणूस घरापासून दूर आणि अड्ड्याच्या जवळ जातो. पण कर्ज गुपचूप फेडूंही नये; तें नव्या कर्जास आमंत्रण होय. ठेवी व दागिने यांचा व्यवहार दोन सह्यांनीं व्हावा, आणि हें त्यांच्याच संमतीनें, शांत वेळीं ठरवावें. मुख्य म्हणजे सायंकाळ रिकामी ठेवूं नये. नातवाचें गणित, वाचनालयाची व्यवस्था, रोज कोणाची तरी सोबत, असें कांहीं तरी काम त्यांच्याकडे यावें. पण तें खरोखर त्यांच्यावांचून अडणारें असावें.

हें बोलावें कोणीं, हाच प्रश्न प्रत्येक घरीं अडतो. द्यूतास पहिला स्पष्ट विरोध करणारा विदुर धृतराष्ट्राचा धाकटा भाऊ होता. त्याचें ऐकलें गेलें नाहीं, हें खरें. परंतु भीष्मद्रोणांच्या मौनास आदर म्हणावयास आपली जीभ आजही धजत नाहीं. वडिलांच्या पायांवर डोकें ठेवून, डोळ्यांत पाणी आणून, 'आतां हें पुरे' असें म्हणणारा एकादा धाकटा ज्या घरीं आहे, त्या घरच्या पाटल्या घरींच राहण्याची कांहीं आशा आहे.